बिनक्लेमची चार वर्षं

मालतीबाईंना दिसत नाही, ही गोष्ट सुरतेतल्या अख्ख्या लिंबायतात कुणालाही ठाऊक नव्हती, आणि याचं सगळं श्रेय एकट्या मालतीबाईंचं. दिसत नाही म्हणजे अगदीच नाही असं नव्हे हो. दिसायचं, पण दुधात कालवल्यासारखं. सकाळी दार उघडलं की समोरची बिल्डिंग, तिच्या गॅलऱ्यांतल्या वाळत घातलेल्या साड्या, पलीकडच्या लूमच्या कारखान्याचं पत्र्याचं छप्पर, सगळं एकमेकांत हलकेच मिसळून गेलेलं असायचं. दिवेलागणीला रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती एक रंगीत कडं उमटायचं. उत्तरायण, म्हणजे संक्रांत, जवळ आली की मांजावाले रस्त्याकडेला गुलाबी दोरा ताणून वाळवत बसलेले असायचे, आणि मालतीबाईंना दोरा न दिसता नुसता गुलाबी रंग हवेत लोंबकळताना दिसायचा. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं. भाजी आणायला म्हणून निघायच्या आणि कोपऱ्यावर पाच-पाच मिनिटं उभ्या राहायच्या.

कारभार त्यांनी असा चोख ठेवला होता की विचारू नका. माणसं चपलांच्या आवाजावरून ओळखायच्या, तांदूळ बोटांनी निवडायच्या, डाळ वासावरून. रस्त्याने नवऱ्याच्या अर्धं पाऊल मागे चालायच्या, त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या मागोमाग. नवऱ्याला वाटायचं, काय ही मर्यादा! अशी बायको शोधून सापडायची नाही!

एकदा मात्र थोडक्यात वाचल्या. शेजारच्या उषाबाईंबरोबर साडीच्या दुकानात गेल्या होत्या. दाराशी एक बाई उभी होती, अंगावर मोतिया रंगाची साडी. मालतीबाईंनी तिला "बऱ्या आहात ना?" म्हणून विचारलं, घरच्यांची चौकशी केली, आणि ती एक शब्द बोलेना तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"वैनी, ती बाहुली शे!" उषाबाई ओरडल्या. "प्लास्टिकनी!"

"माहितेय मला," मालतीबाई म्हणाल्या. "मी साडीचा पोत बघत होते."

उषाबाईंनी यावर विश्वास ठेवला. माणूस ठामपणे बोललं की उषाबाई कशावरही विश्वास ठेवत, म्हणूनच तर त्यांच्याकडे प्रत्येक आजारावर सात औषधं होती.

पण दिवाळीनंतर गंमत संपली. डावा डोळा पुरता गेला. उजव्यातलं दूधही दाट होत चाललं. एका सकाळी मालतीबाईंनी पुरी कढईत सोडायच्या ऐवजी सरळ गॅसवर सोडली आणि तिच्यामागून दोन बोटंही. "तेल उडालं," त्यांनी घरात सांगितलं. त्या दिवसापासून त्यांना भीती वाटू लागली. एक दिवस उठू आणि सगळंच पांढरं असेल, मग काय करायचं? दुपारी एकट्या असल्या की त्या उजवा डोळा हाताने झाकून बघायच्या आणि झटकन हात काढायच्या.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगितलं का नाही? दोन कारणं होती. एक म्हणजे मावशी. अमळनेरकडच्या त्यांच्या मावशीचा डोळा एका शिबिरात कापला, तो कायमचाच गेला. डोळ्याला सुरी लावणार या नुसत्या कल्पनेने मालतीबाई हातातली विळी खाली ठेवायच्या. आणि दुसरं कारण म्हणजे लोटू सरांची चार वर्षं.

लोटू सर म्हणजे मालतीबाईंचे यजमान, लोटू दौलत बोरसे, बी.ए., पी.टी.सी., महानगरपालिकेच्या मराठी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. चौऱ्याण्णव साली सुरतेत ती प्लेगची साथ आली, अर्धं शहर गाड्या धरून पळालं, आणि परत आलेल्या माणसांना विमा एजंट हेमराजने रांगेने सरकारी कंपनीच्या आजारपणाच्या पॉलिसी विकल्या. सरांनी नवरा-बायकोची मिळून एक घेतली. तिच्यात अगदी शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात एक कलम होतं. ते वाचणारे सर हे बहुधा गुजरात राज्यातले पहिले गृहस्थ. सलग चार वर्षं दोघांपैकी कुणीही क्लेम केला नाही, तर दोघांची संपूर्ण शारीरिक तपासणी कंपनीच्या खर्चाने.

बस्स. सरांच्या निवृत्त आयुष्याला ध्येय मिळालं.

पहिल्या वर्षी ते न्हाणीघरात घसरले आणि मनगट मोडलं. हेमराज धावत आला. "सर, क्लेम करू या! यासाठीच तर पॉलिसी!" सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की कॉपी करताना सापडलेल्या पोराकडेही कधी पाहिलं नसेल. कामरेजच्या एका हाडवैद्याकडे जाऊन त्यांनी बांबूच्या कामट्या बांधून आणल्या. मनगट वाकडंच जुळलं, सही कायमची बदलली. दुसऱ्या वर्षी मलेरिया झाला, तो त्यांनी घरीच कुडकुडत काढला. तिसऱ्या वर्षी दाढ. "आपण आजारी पडायचं नाही," ते मालतीबाईंना बजावायचे, "निदान कागदोपत्री तरी नाही." अशा माणसाला बायकोने डोळ्यांचं काय म्हणून सांगावं?

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात चार वर्षं भरली. सर इस्त्रीचा सदरा घालून विमा कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने असं कलम आहे हेच आधी मानलं नाही. सरांनी बोट ठेवून दाखवलं, तेव्हा त्याने चष्मा काढून ते वाचलं आणि म्हणाला, "बराबर छे. पण तमे चार वर्ष मांदा नथी पड्या, एनो पुरावो?"

"आजारी नाही पडलो याचा पुरावा कसा असेल?" सरांनी विचारलं.

"डॉक्टरनुं सर्टिफिकेट."

सर डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने विचारलं, काय होतंय? सर म्हणाले, काही होत नाही. मग आलात कशाला? काही होत नाही म्हणून. यावर थोडी वादावादी झाली, डॉक्टरने हाताला पट्टा बांधला, आणि वादावादीमुळे सरांचा रक्तदाब भलताच निघाला. चार वर्षांची तपश्चर्या दाराशी येऊन पालथी व्हायची वेळ आली. सर तिथल्याच बाकावर अर्धा तास डोळे मिटून बसले, शाळेची प्रार्थना मनात तीनदा म्हटली, आणि पुन्हा पट्टा बांधून घेतला. सर्टिफिकेट मिळालं. मग कचेरीत सही जुळेना, कारण मनगट वाकडं. मनगट मोडलं होतं असं सांगावं तर आजार कबूल केल्यासारखं. सरांनी कारकुनासमोर बसून बावीस वेळा सही केली. बाविसावी जुन्या सहीची लांबची बहीण शोभेल अशी आली, आणि मंजुरीचा कागद हातात पडला. तपासणी दहा जानेवारीला, रिंग रोडवरच्या एका सेंटरमध्ये, सकाळी आठ वाजता, रिकाम्या पोटी.

एवढ्यावर माणसाने स्वस्थ बसावं की नाही? पण सरांनी छत्तीस वर्षं शाळेत काढली होती, आणि तपासणी या शब्दाचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता. वर्षातून एकदा साहेब शाळा तपासायला यायचे आणि वर्षातून एकदा सरांची शाळा शंभर नंबरी निघायची. साहेबांसाठी त्यांनी पुस्तकाची एक खास प्रत ठेवली होती. ती रात्रंदिवस पाट्याखाली अशी दाबून तयार केलेली, की कुठूनही उघडली तरी सातवा धडाच उघडायचा. सातवा धडा वर्गातल्या ढ पोरालाही तोंडपाठ. साहेब खूश, पोरं खूश, सर खूश. तयारीशिवाय तपासणीला उभं राहणं त्यांना निर्लज्जपणा वाटायचा.

तेव्हा तयारी सुरू झाली. उषाबाईंना तर रान मोकळंच मिळालं. रोज सकाळी त्या कारल्याचा रस घेऊन यायच्या, दुपारी मेथीचं पाणी, संध्याकाळी पेरूच्या पानांचा काढा. "साखर पयी जाई," त्या म्हणायच्या. साखर पळाली की नाही देव जाणे, सरांची भूक मात्र पळाली. पोंकचा मोसम ऐन भरात, कोवळी ज्वारी, वर शेव, लिंबू, सुरतेत हिवाळ्यात माणसं याच्यासाठी तर जगतात. त्यालाही घरात बंदी. मालतीबाई भाजीला म्हणून जायच्या आणि गाडीपाशी उभ्या राहून नुसता वास घेऊन यायच्या.

आणि एका दुपारी हेमराज चष्म्याच्या दुकानातून डोळ्यांच्या तक्त्यावरची इंग्रजी अक्षरं एका कागदावर उतरवून घेऊन आला.

"पेपर फुटला," सर समाधानाने म्हणाले.

सरांचे डोळे चष्मा लावून उत्तम होते. त्यांना पाठांतराची काडीची गरज नव्हती. पण सवय! पाढे म्हणावेत तसे ते झोपाळ्यावर बसून हेलात म्हणू लागले: "ई! एफ, पी! टी, ओ, झेड! एल, पी, ई, डी! शाब्बास!" शेवटच्या ओळीपर्यंत. झोपाळा पुढे जाताना एक ओळ, मागे येताना दुसरी. मालतीबाई ओट्यापाशी बोटांनी लसूण सोलत ऐकायच्या. त्यांना इंग्रजी अक्षर ठाऊक नव्हतं एकही. पण तिसऱ्या दिवशी ओळ सरांच्या आधी त्यांच्या ओठांवर यायला लागली. त्या कधीतरी मनातच म्हणत गॅलरीत जायच्या आणि समोरच्या त्या पांढऱ्या, मऊ, हलत्या जगाकडे पाहायच्या. त्यांना वाटायचं, निभावेल. एवढा एक दिवस निभावला की झालं. यांचं मन राहील, सुरी लांबेल, पुढचं पुढे.

"मालती, आपल्या घराचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे," सर म्हणाले.

"लागेल हो," मालतीबाई म्हणाल्या.

दहा तारखेला सकाळी दोघं रिक्षाने निघाली. पोटात काही नसलं की डोकं हलकं होतं, आणि मालतीबाईंना तर रिक्षा रस्त्यावरून नव्हे, ढगातून चालल्यासारखी वाटत होती. उत्तरायणाला चार दिवस होते. आकाशात पतंगांचे लाल-पिवळे डाग तरंगत होते, खालून कापडाचे गठ्ठे लादलेले टेम्पो मोठमोठ्या गाद्यांसारखे सरकत जात होते, आणि ऊन सगळ्यावर सारखं पसरलेलं. किती छान आहे हे सगळं, त्यांना वाटलं. आणि लगेच रडूच आलं, कारण त्यातलं किती आपल्याला उद्या दिसणार आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पदराने डोळे टिपले. सर म्हणाले, "धूळ फार."

सेंटरमध्ये सरांनी धमाल उडवून दिली. लघवीच्या बाटलीवर नाव लिहा म्हटल्यावर त्यांनी वळणदार अक्षरात पदव्यांसकट नाव घातलं, खाली तारीख, आणि दुहेरी रेघ मारली. छातीला वायरी लावल्या तेव्हा श्वास रोखून ताठ पडून राहिले, शेवटी तिथल्या माणसाला सांगावं लागलं की काका, श्वास घेतला तरी चालतो. वजन, उंची, एक्सरे, सगळं पार पडलं. मालतीबाई सगळीकडे त्या पांढऱ्या सदऱ्यामागून चालत होत्या. मुश्कील एवढीच, की तिथे सगळ्यांचेच कपडे पांढरे. मध्येच त्या एका कंपाउंडरच्या मागोमाग थेट पुरुषांच्या संडासापर्यंत गेल्या. परत आणल्यावर म्हणाल्या, "स्वच्छता कशी ठेवतात ते बघत होते." सरांना यातही कौतुक वाटलं.

मग डोळे. आधी सर आत गेले. आत तक्ता होता तो गुजराती अक्षरांचा. येणारी बहुतेक म्हातारी माणसं गुजराती शाळेतली, त्यांना इंग्रजी कोण विचारणार? सरांनी तो वाचला घडाघडा, पण बाहेर आले ते खट्टू होऊन. एवढ्या मेहनतीने फोडलेला पेपर, आणि आलं भलतंच! ते बायकोला काही बोलणार, तोवर तिचं नाव पुकारलं गेलं. सरांना त्यात काळजीचं कारण दिसलं नाही. चाळीस वर्षं ही बाई सुरतेतल्या गुजराती पाट्या वाचत आली होती. ते पडद्याबाहेर बाकावर बसले.

आत डॉक्टरीणबाईंनी मालतीबाईंना फिरत्या खुर्चीवर बसवलं. "बा, पाटिया पर शुं वंचाय छे?"

समोर मालतीबाईंना एक मोठा पांढरा चौकोन दिसला. त्यांनी पदर सावरला, पाठ ताठ केली आणि सुरू केलं.

"ई! एफ, पी! टी, ओ, झेड! एल, पी, ई, डी! शाब्बास!"

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मालतीबाईंना वाटलं, छाप पडली. त्या अंग किंचित पुढे-मागे हलवत पुढच्या ओळीवर गेल्या, तिथून पुढच्या. एक अक्षर चुकलं नाही. सरांच्या आवाजातला तो हेल, मध्ये घ्यायचा दम, सगळं जिथल्या तिथे. शेवटच्या ओळीला तर त्यांचा आवाज आनंदाने चढला.

पडद्याबाहेर सरांनी पहिलं अक्षर ऐकलं तेव्हा त्यांना हसू आलं. वेडी! अगं, गुजराती आहे तो! दुसऱ्या ओळीला हसू गेलं. तिसऱ्या ओळीला ते उभे राहिले आणि त्यांनी पडदा बाजूला केला.

त्यांची बायको समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला तक्ता वाचून दाखवत होती. तक्ता उजव्या हाताला होता.

"बा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "पाटियुं तो आ बाजु छे."

मालतीबाई थांबल्या. त्यांनी मान उजवीकडे वळवली, मग डावीकडे, मग हात मांडीवर ठेवून खाली पाहू लागल्या. "मला नाही दिसत," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच म्हणाल्या, आणि इतक्या सहज, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

लोटू सर घरात नेहमी पुस्तकी मराठी बोलत. अहिराणी शब्द तोंडून निघाला की मुलांना छडी बसायची. पण त्या क्षणी त्यांना पुस्तकी शब्द सापडला नाही.

"कवयपासून वं?" ते म्हणाले.

"दोन वर्षं झाली."

"मंग तू माले सांगं का नही?"

"तुमची चार वर्षं मोडली असती."

सर भिंतीला हात लावून उभे राहिले. त्यांना लाज वाटत होती, साधीसुधी नाही, उभ्या जन्मात वाटली नव्हती एवढी. छत्तीस वर्षांत आपण किती पोरं अशी साहेबांपुढे उभी केली असतील, पाठ केलेलं घडाघडा म्हणणारी आणि आतून काही न दिसणारी, हे त्यांच्या मनात आलं. एकाचाही चेहरा आठवेना.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरीने दोन्ही डोळे नीट बघितले. मोतीबिंदू. डावा पिकून गेलेला, लगेच काढायला हवा, उशीर केला तर डोळा हातचा जाईल. आता आत छोटी काच बसवतात, महिन्याभरात दिसायला लागतं. मालतीबाईंनी मावशीची हकीकत सांगितली. बाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाल्या की तेव्हाची गोष्ट वेगळी होती, भीती वाटणार, वाटू द्या, पण या. मग त्यांनी सरांच्या हातात एक फॉर्म दिला.

सर बाकावर बसून फॉर्म भरू लागले. नाव लिहिलं. वय लिहिलं. नंतर तक्रार कधीपासून, कोणत्या डोळ्याची आधी, दुखतं का, डोकं दुखतं का, पडल्या होत्या का, भाजलं होतं का. सरांचं पेन थांबलं. जन्मभर त्यांनी प्रश्न विचारले होते, पण ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक असतात तेवढेच. इथे एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांना येत नव्हतं. चाळीस वर्षं एका घरात राहून कोरा पेपर!

"मालती," ते म्हणाले, "डोकं दुखतं का गं तुझं?"

"संध्याकाळी दुखतं."

"आणि ती बोटं? तेल उडालं म्हणालीस ती?"

मालतीबाईंनी पुरीची गोष्ट सांगितली. बाहुलीचीही सांगितली, तेव्हा सर हसले आणि हसता हसता त्यांचा चष्मा ओला झाला. फॉर्ममध्ये नसलेलेही बरेच प्रश्न त्यांनी विचारले. दिव्यांभोवती कडं दिसतं म्हणजे कसं? कुठल्या रंगाचं? मालतीबाई सांगत होत्या, सर ऐकत होते, आणि रिकाम्या पोटाची आठवण दोघांनाही दुपारी एक वाजता झाली. घरी जाताना सरांनी पोंकच्या गाडीपाशी रिक्षा थांबवली.

हेमराजला कळलं तेव्हा तो काकुळतीला आला. "सर, ऑपरेशनचा क्लेम केला तर चार वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतील. बघा बरं."

"मोजू दे त्यांना," सर म्हणाले. "आण तो क्लेमचा कागद. आणि माझ्या मनगटाचंही त्यात कुठे बसतं का पाहा." ते बसलं नाही, पण विचारायला काय जातं?

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. मालतीबाईंनी टेबलावर सबंध वेळ मावशीचं नाव घेतलं आणि उषाबाईंनी बाहेर बसून सात देवांना सात नवस केले. बारडोलीहून लेक उज्ज्वला आली, तिने आईला आणि बापाला सारखंच फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडायची होती. सर स्वच्छ दाढी करून पलंगापाशी उभे राहिले. डॉक्टरांनी पट्टी काढली. मालतीबाईंनी डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला, आणि मग उघडाच ठेवला.

"काय दिसतं?" सरांनी विचारलं.

मालतीबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"कॉलरचं बटण वरखाली लागलंय," त्या म्हणाल्या. "हनुवटीखाली दाढी राहिलीय. आणि तुम्ही रडताय."

"छे! मी कशाला रडू?"

"अहो," मालतीबाई म्हणाल्या, "मला दिसतंय."